जाहिरात लागली की डोळे मिटणारा टीव्ही

घरची यंत्रं : वाचक विचारतात, मिस्त्रीकाका सांगतात

या खेपेला आलेली बहुतेक पत्रं टीव्हीचीच निघाली. त्यातलं एक इतकं नीट लिहिलेलं आहे, की ते जवळजवळ पूर्ण छापतोय. अर्धं निदान पत्रातच आहे. बाकीची थोडक्यात.

प्रश्न : काका, सप्रेम नमस्कार. दिवाळीत नागपूरच्या भासऱ्यांनी नवा टीव्ही घेतला आणि जुना ४२ इंची प्लाझ्मा आम्हाला दिला. मालवाहू गाडीत गादीवर आडवा निजवून आणला. दोन महिने छान चालला. संक्रांतीनंतर नखरे सुरू झाले. बटण दाबलं की आतून ‘टक’ असा आवाज येतो, चित्र येतं आणि कधी दोन मिनिटांत, कधी वीस मिनिटांत पुन्हा ‘टक’ होऊन बंद. लाल दिवा लुकलुकत राहतो. सकाळी नऊला लावला तर तासभर बिनबोभाट चालतो. संध्याकाळी सात ते नऊ मात्र त्याला काय होतं कळत नाही. सासूबाई म्हणतात मालिका चालू असते तोवर ठीक, पण ‘जाह्यरात आली का हा मेला डोये मिटते.’ घरात सगळे त्यांना हसतात. जुन्या टीव्हीचा स्टॅबिलायझरच याला लावला आहे, तोही संध्याकाळी आतून कडकड वाजतो. आमच्यापासून तिसऱ्या घरी पिठाची गिरणी आहे. एका मेकॅनिकने सेट न उघडताच सांगितलं, ‘पॅनल गेलं, भंगारात पाचशे देतो.’ खरंच पॅनल गेलं असेल का?
— एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, आधी सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, आणि जे हसले त्यांना हे उत्तर वाचून दाखवा. आर्वीला चाळीस वर्षं झाली मी या धंद्यात आहे, रेडिओपासून सुरुवात केली. इतकं नेमकं बघून येणारं गिऱ्हाईक वर्षाकाठी एखादंच भेटतं. बाकीचे येतात, सेट टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, ‘चालत नाही जी.’ केव्हापासून, कशानंतर, किती वेळाने, काही नाही. तुमच्या पत्रात वेळ आहे, आवाज आहे, जाहिरात आहे, गिरणी आहे.

जाहिरातीपासूनच सुरू करतो. एलईडी टीव्हीत पडद्यामागे दिव्यांच्या पट्ट्या असतात, समोर चित्र काळं असो की गोरं, त्या बहुतेक वेळ जळतच असतात. प्लाझ्माचं तसं नाही. त्याच्या पडद्यावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे स्वतःचा एक बारीक दिवा. चित्र काळं तर दिवे विझलेले, चित्र पांढरं तर सगळे पेटलेले. त्यामुळे या सेटची भूक चित्राप्रमाणे बदलते. माझ्या टेबलावर वॉटमीटर लावून पाहिलेलं आहे. असाच एक ४२ इंची सेट रात्रीच्या अंधाऱ्या प्रसंगाला दीडशे वॉटच्या आत होता, आणि कपडे धुण्याच्या पावडरची जाहिरात लागून दोरीवरच्या पांढऱ्या चादरी फडफडल्या तसा आकडा तीनशेच्या पुढे गेला. मालिकेत रात्रीचा वाडा, जिन्यात कारस्थान, आणि मधेच लख्ख पांढरी जाहिरात. सासूबाईंनी पकडलं ते हेच. चित्र उजळलं की ओझं वाढतं, आणि ओझं वाढलं की तुमचा सेट बसतो.

आता सात ते नऊचं. त्या वेळी गावातले सगळे दिवे-पंखे लागलेले, कुणाची पाण्याची मोटर चालू, आणि सगळा भार एका डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर. नियमाने घरात २३० व्होल्ट यायला पाहिजेत, सहा टक्के इकडेतिकडे, म्हणजे साधारण २१६ ते २४४. लाइनच्या शेवटच्या टोकाला असलेल्या घरात दिवेलागणीला मी स्वतः १६५ मोजलेले आहेत. साध्या बल्बला त्याचं काही वाटत नाही, तो पिवळा होतो आणि गप बसतो. टीव्हीचा सप्लाय, म्हणजे आतला वीज पुरवणारा भाग, हट्टी. त्याला तीनशे वॉट पाहिजेत म्हणजे पाहिजेतच. व्होल्टेज कमी मिळालं की तो करंट जास्त ओढतो. २३० वर जिथे १.३ अँपिअरमध्ये भागतं, तिथे १५० वर पूर्ण दोन अँपिअर लागतात. भरलेली बंडी चढावर आली की बैल मान खाली घालून जसा जोर काढतो, तसं. आणि जोर काढणारा भाग जुना असेल तर तो गरम होतो.

गिरणीचा संबंध आहे का? असू शकतो, आणि तो तुम्हाला फुकटात तपासता येतो. मोठी मोटर सरळ चालू केली की पहिल्या क्षणाला ती नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते. गिरणी सुरू होते त्या घटकेला घरातला दिवा लवतो का, बघा. दिवा लवला आणि त्याच ठोक्याला टीव्ही गेला, असं दोन-तीनदा झालं तर आणखी पुरावा नको. फक्त गिरणीवाल्याशी भांडायला जाऊ नका. त्याचा दोष नाही, आणि दळण तर त्याच्याकडूनच आणायचं आहे.

माझा पहिला संशय मात्र तुमच्या स्टॅबिलायझरवर आहे. जुना २१ इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही ऐंशी-शंभर वॉटचा गडी. त्याच्या जोडीला घेतलेला स्टॅबिलायझर तेवढ्याच ताकदीचा असणार. त्याच्या मागच्या पत्र्यावर किती व्हीए, म्हणजे किती ओझं पेलतो, ते लिहिलेलं असतं, पुसलं नसेल तर वाचा. त्यावर हा प्लाझ्मा लावणं म्हणजे सायकलच्या कॅरिअरवर ज्वारीचा कट्टा बांधणं. चालते सायकल, पण चढ येईपर्यंत. आणि ती कडकड कसली? व्होल्टेज खाली-वर झालं की आतला रिले, म्हणजे विजेने हलणारं बटण, एका टप्प्यावरून दुसऱ्यावर उडी मारतो. प्रत्येक उडीत डोळ्याचं पातं लवेल इतका वेळ लाइन तुटते. निरोगी सेट तेवढं सोसतो. थकलेला सोसत नाही.

इथे एक गोष्ट समजून घ्या. तुमचा टीव्ही बंद ‘पडत’ नाही, तो स्वतःहून बंद होतो. तुम्ही ऐकता तो पहिला ‘टक’ म्हणजे रिले लागल्याचा. मग आतला सप्लाय लाइनची वीज चढवून ३८०-४०० व्होल्टपर्यंत नेतो, त्यातून मेन बोर्डासाठी पाच-बारा व्होल्ट वेगळे काढतो आणि पडद्यासाठी दोनशेच्या आसपासचे वेगळे. यातलं काहीही ठरल्यापेक्षा कमी-जास्त झालं की आतला जागल्या हाळी देतो आणि रिले सुटतो. तो तुमचा दुसरा ‘टक’. रात्री वावरात जागलीला बसलेला माणूस ओरडला तर आपण त्याच्यावर चिडत नाही, रानडुक्कर कुठून शिरलं ते बघतो. म्हणून कुणी मेकॅनिक म्हणाला, ‘ती प्रोटेक्शनची वायर कापून देतो, मग बंद होणार नाही,’ तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. मग खरंच बंद होणार नाही, जळेल.

आणि पॅनल, म्हणजे खुद्द पडदा? पॅनल गेलं की पडद्यावर उभ्या रेघा येतात, एखादा पट्टा काळा पडतो, काच आतून तडकलेली दिसते. सकाळी तासभर स्वच्छ चित्र देणारं पॅनल रोज संध्याकाळी सातला जात नाही. आडवा निजवून आणला ते मात्र चुकलं. त्याची काच जड असते, खड्ड्याच्या रस्त्यावर मधोमध तडकते. प्लाझ्मा नेहमी उभा न्यायचा, दोन बाजूंनी धरून, आरशासारखा. तुमचं नशीब चांगलं. काच तडकली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

आता करायचं काय. एका सकाळी रिमोटमधले सेल काढून ठेवा आणि टीव्हीच्याच बटणाने चालवा. रिमोटचं पॉवर बटण दबून अडकलेलं असलं तरी सेट असाच बंद होतो, आणि हा दोष मी माणसांनी वीस किलोमीटरवरून सेट उचलून आणल्यावर दोन मिनिटांत काढून दिलेला आहे. मग प्लग उपसून त्याचे पितळी पाय बघा. काळे पडलेत का, सॉकेटला जळका वास येतो का. येत असेल तर सॉकेट बदला, टीव्हीला हात लावू नका.

एवढं झालं की स्टॅबिलायझर काढून टीव्ही सरळ भिंतीच्या सॉकेटला लावा, पण त्याआधी कुणाकडून मीटर आणून संध्याकाळी साडेसातला तिथे किती व्होल्ट येतात ते मोजून घ्या. टीव्हीच्या मागच्या स्टिकरवर तो किती व्होल्टवर चालतो ते छापलेलं असतं. काही सेट १०० ते २४० वर चालतात, काही २२० ते २४० च मागतात. तुमचा पहिल्या जातीचा निघाला तर स्टॅबिलायझरची गरजच नव्हती. दुसऱ्या जातीचा असेल तर निदान ५०० व्हीएचा, कमी व्होल्टेजला तोलणारा घ्या.

आणि आता खरी परीक्षा. रात्री अकरा-साडेअकराला, गाव निजल्यावर, तोच टीव्ही त्याच सॉकेटवर लावा आणि दिवसाउजेडाचा क्रिकेटचा सामना किंवा जाहिरातीच जाहिराती असलेलं चॅनल लावून ठेवा. चित्र उजळ, पण लाइन भरपूर. तासभर टिकला तर दोष लाइनचा आणि स्टॅबिलायझरचा, सेट निर्दोष. भरपूर व्होल्टेज असतानाही पांढऱ्या चित्राला बसला, तर दोष पोटात आहे. या एका जागरणात तुमचा मेकॅनिकच्या दोन फेऱ्यांचा खर्च वाचेल.

तोवर सासूबाईंच्या मालिकेची सोय. मेनूमध्ये जाऊन चित्राचा प्रकार बघा. दुकानातून आणलेले बरेच सेट भडक चित्रावरच ठेवलेले असतात, व्हिविड किंवा डायनॅमिक. तो बदलून सिनेमा किंवा स्टँडर्ड करा, ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट उतरवा. चित्र थोडं मवाळ दिसेल, पण ओझं कमी होईल. कदाचित जाहिरात पार पडेल.

आता समजा, रात्रीच्या परीक्षेत सेट नापास झाला. तरी घाबरू नका. ‘बंद होतो’ या एका तक्रारीच्या पोटात चार-पाच वेगवेगळे आजार असतात, आणि ते आवाजावरून नि वेळेवरून ओळखू येतात. रिले लागतो, चित्र येतच नाही आणि दोन-तीन सेकंदांत सुटतो, असं असेल तर पडद्याला वीज देणाऱ्या वाय किंवा झेड बोर्डावर शॉर्ट असण्याचा संभव मोठा. मेकॅनिक त्या बोर्डांचे कनेक्टर एकेक करून सोडवतो आणि कोणता सोडल्यावर सप्लाय टिकतो ते बघतो. टकटक-टकटक दहा वेळा करून शेवटी लागतो आणि एकदा लागला की दिवसभर चालतो, त्यातही थंडीच्या सकाळी जास्त छळतो, तर कंडेन्सर. पाऊण तास चालून गरम झाल्यावर जातो, गार झाला की पुन्हा तेवढाच चालतो, तर धूळ, अडकलेला पंखा किंवा सुटलेलं सोल्डर. लाल दिवा किती वेळा लुकलुकून थांबतो तेही मोजा. काही कंपन्यांच्या सेटमध्ये तो आकडा म्हणजे आजाराचं नाव असतं. मेकॅनिकला तो सांगितला की तो तुम्हाला गंभीरपणे घेतो.

तुमचं वर्णन ऐकून मी कंडेन्सरवर पैज लावीन. सप्लायच्या बोर्डावर उभी नळकांडी दिसतात ना, ती. आत ओला मसाला असतो, तो वर्षानुवर्षांच्या उष्णतेने वाळतो. वरचं सपाट टोपण पोळीसारखं फुगतं, कधी बुडाशी तपकिरी डाग उतरतो. असा कंडेन्सर अंधाऱ्या चित्रापुरता तग धरतो आणि पांढऱ्या चित्राला मागणी आली की त्याच्याकडे द्यायला काही नसतं. त्यावर ८५ किंवा १०५ अंश असं छापलेलं असतं. धंद्यातला ठोकताळा असा की आजूबाजूची उष्णता दहा अंशांनी उतरली की त्याचं आयुष्य दुप्पट, दहा अंशांनी चढली की अर्धं. आता आपल्याकडचा मे धरा. बाहेर ४५, वर टिनाचं छप्पर. नागपूरला २६ अंशांच्या खोलीत राहिलेल्या सेटच्या मानाने ४६ अंशांच्या खोलीतल्या सेटचा कंडेन्सर पाव आयुष्यात म्हातारा होतो. म्हणून बदलताना १०५ अंशांचाच मागा. मायक्रोफॅरडचा आकडा तोच, व्होल्टचा आकडा तोच किंवा वरचा, खालचा कधीच नाही. आणि एक फुगला असेल तर त्याच्या रांगेतले सगळे बदलून घ्या, एकेकासाठी तीनदा सेट उघडण्यात अर्थ नाही. माझ्याकडे सहा-सात कंडेन्सरचं हे काम मजुरीसकट सातशे-आठशेत होतं.

उष्णतेवरून आठवलं. उन्हाळ्यात कूलरच्या झोतात टीव्ही ठेवायची आपल्याकडे खोड आहे, ‘त्यालाही गार वाटू द्या’ म्हणून. ओली हवा आत शिरते, त्यात वाळ्याचा भुसा आणि कापसाची रुई, त्याचा थर बोर्डावर बसतो आणि पहिल्याच पावसात हिरवा गंज धरतो. सेट भिंतीपासून वीतभर पुढे, कूलरच्या तोंडापासून बाजूला. मागच्या जाळ्या आठवड्याला कोरड्या ब्रशने झाडायच्या, प्लग काढून. बस.

पण मागचं झाकण तुम्ही उघडू नका, घरातल्या पोरांनाही उघडू देऊ नका. हे मी धंदा वाचवायला सांगत नाही. २०१० मध्ये माझ्याकडे असाच एक सेट आला होता. प्लग काढला, झाकणाचे तीसेक स्क्रू सोडवले, बाहेर कुणी हाक मारली म्हणून बोलून आलो. दहा मिनिटं सहज गेली असतील. परत येऊन सप्लायच्या मोठ्या कंडेन्सरजवळ अंगठा टेकला मात्र, हातातला स्क्रूड्रायव्हर उडून समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरला लागला आणि मी स्टुलासकट मागे. त्या कंडेन्सरमध्ये चारशेच्या घरातले व्होल्ट प्लग काढल्यावरही बसून असतात. अंगठ्याच्या पेरावर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा डाग अजून आहे, नव्या पोरांना शिकवताना तो दाखवतो. आता होल्डरला दोन वायरी जोडलेला शंभरचा बल्ब कायम टेबलावर असतो. आधी तो कंडेन्सरच्या दोन पायांना लावून साठलेली वीज उतरवायची, म्हणजेच डिस्चार्ज. कधी तो फक्त डोळा मिचकावतो, कधी चांगला लख्ख चमकून विझतो. मग मीटरने शून्य पाहायचं. मगच हात. तुमच्या मेकॅनिकला विचारा, ‘भाऊ, आधी डिस्चार्ज कसा करता?’ उत्तर नीट आलं तर सेट त्याच्या हाती द्या. ‘स्क्रूड्रायव्हर लावून फट् करतो’ म्हणाला तर दुसरा बघा.

पाचशेला भंगारात देऊ का, याचं उत्तर माझ्या मते आज तरी नाही. प्लाझ्मा बनवणं मोठ्या कंपन्यांनी २०१४ च्या सुमारास थांबवलं. नवं पॅनल आता मिळायचं नाही, बोर्डही फुटलेल्या सेटमधून काढलेले जुनेच. म्हणून माझा हिशोब असा असतो : कंडेन्सर असेल तर डोळे मिटून दुरुस्त करा. वाय-झेड बोर्ड असेल तर जुना बोर्ड हजार-दीड हजारात आणि निदान महिनाभराच्या बोलीवर मिळाला तरच. काच किंवा पॅनल असेल तर विषय सोडा. आणि भंगारवाला ज्या सेटला न उघडताच पाचशे देतो, त्यातल्या चालू बोर्डांची किंमत त्याला माहीत असते, हेही लक्षात असू द्या. त्या मेकॅनिकने उघडून बघायची तसदी घेतली नाही, पण भाव मात्र लगेच सांगितला.

एक सांगायचं राहिलं. संध्याकाळचं व्होल्टेज सगळ्या गल्लीत पडतं की फक्त तुमच्या घरी, हे शेजारी मीटर लावून बघा. फक्त तुमच्याकडे पडत असेल तर खांबावरचा तुमचा जोड ढिला झालेला असतो, तिथे रात्री ठिणगीही दिसते. लाइनमनला सांगून तो नव्याने करून घ्या, बांबूने हलवायला जाऊ नका. आणि कधी दिवा अचानक भगभगीत झाला, पंखा सुसाट सुटला, तर टीव्हीचा प्लग पहिल्यांदा उपसा. न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, तुटली की एका फेजच्या घरात चारशेच्या दिशेने व्होल्टेज चढतं, आणि त्यापुढे कोणताच जागल्या टिकत नाही.

प्रश्न : आमच्याकडे फ्रिजवाला म्हणतो, प्लाझ्मा टीव्हीतही गॅस असतो, तो संपला की टीव्ही बंद पडतो, भरून देतो. भरावा का?
— वरुड, जि. अमरावती

उत्तर : गॅस असतो हे त्याचं खरं. निऑन आणि झेनॉन. पण तो फ्रिजसारखा नळीतून फिरत नाही. दोन काचांच्या मधे बारीक बारीक घरं असतात, त्यांत तो कायमचा कोंडलेला असतो. १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांचा पडदा धरला आणि प्रत्येक ठिपक्याला लाल-हिरवा-निळा अशी तीन घरं, तर ती साडेतेवीस लाखांच्या वर होतात. वीज दिली की गॅसमधून न दिसणारा प्रकाश निघतो आणि तो घराच्या भिंतीवरच्या रंगाला चमकवतो, थोडक्यात ट्यूबलाइटच. या साडेतेवीस लाख ट्यूबलाइटी तुमचा फ्रिजवाला कोणत्या वॉल्व्हने भरणार आहे, ते त्याला विचारा आणि मलाही कळवा.

ही युक्ती टीव्हीसाठी निघालीच नव्हती, हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी ती काढली, कॉम्प्युटरवरून मुलांना शिकवण्याच्या प्लेटो नावाच्या यंत्रणेसाठी. तेव्हाचा तो पडदा एकरंगी, निऑनचा नारिंगी. तुम्ही संत्र्यांच्या वरुडचे, नारिंगी रंगाचं कौतुक तुम्हाला काय सांगू!

प्रश्न : सर्वांनी तपासून झालं. टीव्ही रोज रात्री बरोबर साडेदहाला आपोआप बंद होतो. पुन्हा लावला की चालतो. पावसाळ्यापासून असं आहे.
— हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : गुरुजी, बरोबर साडेदहाला बिघडणारा कंडेन्सर अजून जन्माला यायचा आहे. मेनूमध्ये टायमर किंवा टाइम नावाच्या कप्प्यात जा. ‘ऑफ टाइम’ला २२:३० दिसेल. तो बंद करा. घरात सुट्टीला आलेला नातू-भाचा होता का, तेवढं आठवून बघा. आणि सेट-टॉप बॉक्स बंद केल्यावर पंधरा मिनिटांनी टीव्हीही जातो, अशी ज्यांची तक्रार आहे त्यांनाही हेच उत्तर. सिग्नल नसला की आपोआप बंद व्हायची सोय असते, तो दोष नाही.

प्रश्न : भारनियमनात प्लाझ्मा टीव्ही घरच्या इन्व्हर्टरवर चालवला तर चालतो का? आमच्याकडे लावला की घूंऽऽ आवाज येतो आणि पाच मिनिटांत जातो.
— आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : तुमचा इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्हचा असणार. पंखा त्यावर घुमतो, तसाच हा घुमतो. साइन वेव्हचा असेल तर चालतो, पण बॅटरीचा हिशोब आधी करा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. त्यातले हाती निम्म्याच्या जरा वर येतात. तीनशे वॉटचा प्लाझ्मा एकटा ते तीन-साडेतीन तासांत पिऊन टाकेल, मग रात्री पंखा कशावर? साध्या ३२ इंची एलईडीला याच्या पाव हिश्श्यातही भागतं.

प्रश्न : वीज कडाडत होती म्हणून टीव्हीचा प्लग आधीच काढून ठेवला होता. तरी दुसऱ्या दिवशी सेट-टॉप बॉक्स मेलेला आणि टीव्हीवर ‘नो सिग्नल’. प्लग काढला असताना वीज आत शिरली कुठून?
— मूल तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : छपरावरच्या डिशमधून. प्लग काढला, पण डिशची वायर तशीच राहिली ना? जवळपास वीज पडली की तेवढ्या लांब तांब्याच्या वायरीत झटका उठतो, तो बॉक्समध्ये उतरतो आणि तिथून एचडीएमआयच्या वायरीने टीव्हीत. बॉक्स बहुधा गेलाच. टीव्ही पूर्ण गेला असं समजू नका. दुसऱ्याचा चालू बॉक्स आणून आधी एचडीएमआयच्या दुसऱ्या खोबणीत लावून बघा, नंतर पिवळ्या-लाल-पांढऱ्या जुन्या वायरीने. पुष्कळदा एकच खोबण जळलेली असते आणि बाकीची शाबूत. पिवळ्या वायरीवर चित्र आलं तर तसंच वापरा, मेन बोर्ड बदलायच्या भानगडीत पडू नका. पुढच्या वेळी आभाळ भरून आलं की बॉक्सच्या मागची डिशची वायर आधी उकला, मग प्लग. कडकडाट डोक्यावर आलेला असेल तर मात्र दोन्हीला हात लावू नका.